टब आधी कोरडा कर

पत्र : मॅडम, मी २० वर्षांचा आहे. वारणेकाठच्या गावात राहतो, बी.एस्सी. करतो आणि दोन वर्षांपासून गावात निघालेले साप धरून लांब सोडतो. दिवाळीनंतर चुलत्यांच्या शेततळ्याच्या जाळीत एक मोठी दिवड अडकली होती, साडेतीन फूट तरी असेल. तंगूस, म्हणजे जाळीचा नायलॉनचा धागा, मानेखाली रुतलं होतं. कात्रीने कापून तिला सोडवली आणि जखम भरेपर्यंत ठेवावी म्हणून घरी आणली. पाण्यातला साप म्हणून पारदर्शक टबात वीतभर पाणी भरून ठेवली आहे. पाणी रोज बदलतो. मानेची जखम भरत आली, पण २३ दिवसांत पोटावर पाण्याचे फोड आलेत, काही फुटून तांबडे झालेत. उजवा डोळा ११ दिवसांपासून दुधासारखा पांढरा आहे आणि आता थोडा फुगलाय. फोडांना हळद-खोबरेल लावलं. डोळ्यात पुतण्याचे ड्रॉप टाकले, फरक नाही. पाच दिवसांपासून मासाही खात नाही. कोणतं मलम लावू? एका व्हिडिओत डोळ्यावरचं पांढरं चिमट्याने सोलून काढताना दाखवलंय, तसं करू का? आई म्हणते, सोडून दे. फोटो जोडलेत.

उत्तर : डोळ्यावरचं पांढरं सोलू नकोस. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंस तरी चालेल, पण हे आत्ताच ऐक. तो व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण असे सोललेले डोळे घेऊन माझ्याकडे आलेले साप पाहिले आहेत. त्यातला एकही डोळा मला वाचवता आला नाही.

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. फोटो नीट पाहिले. ती दिवडच आहे. डोळ्याखालून ओठाकडे उतरणारी एक काळी रेघ, डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्याकडे जाणारी दुसरी, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके. कुणी तिला पाणदिवड म्हणतं, कुणी विरोळा, कुणी धोंड्या. बिनविषारी, पण डिवचली की मान चपटी करून नागासारखी उभी राहते आणि चावली की रक्त काढते. हे तुला मी सांगायला नको.

मलमाचं नाव तू विचारलंस. ते सांगेन, पण तुझ्या दिवडीचं पहिलं औषध कोरडी जागा आहे. टबातलं पाणी आज काढून टाक. उद्या नाही, आज. टब पुसून कोरडा कर, तळाला जुन्या वर्तमानपत्राचे चार-पाच थर घाल आणि तिला त्यावर ठेव. पिण्यापुरतं पाणी एका छोट्या जड वाटीत, तिला आत बसता येणार नाही आणि उलटवताही येणार नाही अशा वाटीत.

आणि दुसरं, तेही आजच: वनखात्याला फोन कर. १९२६ हा त्यांचा टोल-फ्री क्रमांक आहे. दिवड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. जखमी म्हणून का होईना, परवानगीवाचून २३ दिवस ती घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. तुझी कळकळ पत्राच्या ओळीओळीत दिसते, म्हणूनच तुला अडचणीत आलेलं मला पाहवणार नाही. काय घडलं ते जसंच्या तसं सांग. वनरक्षक येतील, नोंद करतील आणि ती सरकारी वाटेने डॉक्टरपर्यंत पोचेल. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, पुण्यात कात्रजला सर्पोद्यान आहे. तुझ्या भागातून कुठे न्यायचं ते खातं ठरवेल. डोळ्याचं जे झालं आहे ते घरी बरं होणारं नाही, तिला साप हाताळणारा पशुवैद्य लागणारच. तोवर एखादा-दोन दिवस तुलाच सांभाळायला सांगितलं तर कसं सांभाळायचं, ते पुढे लिहिते.

तू म्हणशील, पाण्यात राहणाऱ्या सापाला कोरडं का ठेवायचं? आणि पाणी तर मी रोज बदलत होतो.

सकाळी नऊच्या सुमारास एखाद्या कोल्हापुरी बंधाऱ्यावर जाऊन बघ. दिवडी दगडांवर पसरलेल्या दिसतील, पोट तापलेल्या दगडाला टेकवून. पाण्यात त्या मासा धरायला, बेडूक धरायला, नाहीतर आपली चाहूल लागली म्हणून उतरतात. काम झालं की बाहेर. ओलं व्हायचं आणि खडखडीत वाळायचं, असं दिवसातून कितीदा तरी चालतं. तुझ्या टबात तिला वाळायला एक इंचही जागा नव्हती. सापाच्या पोटावरचे आडवे खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. त्यांच्या सांध्यात सतत ओल राहिली की वरचं कातडं खालच्या थरापासून सुटतं आणि मधे पाणी साचतं. तोच फोड. सुरुवातीला त्यातलं पाणी स्वच्छ असतं, जंतूही नसतात. या टप्प्याला साप कोरडा केला तर बरेचदा काहीही न लावता फोड बसून जातात. पण फोड फुटला की दार उघडं. एरोमोनास, स्यूडोमोनास ही नावं लक्षात ठेवायची गरज नाही, एवढंच ध्यानात घे की हे जंतू कुठल्याही तळ्यात, कुठल्याही माशाच्या बुळबुळीत अंगावर असतात. तू सकाळी पाणी बदललंस, दुपारी तिने एकदा विष्ठा टाकली, की रात्रभर ती त्याच पाण्यात पोट घालून बसली.

त्यात थंडी. वारणेच्या खोऱ्यात या दिवसांत रात्री पारा पंधराच्या खाली जातो. साप स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही आणि अंग गार पडलं की त्याची जंतूंशी झुंजायची ताकदही मंदावते. अन्न पचत नाही. औषधही अंगात नीट फिरत नाही. तिने मासा नाकारला तो नखरा नव्हे, या गारठ्यात खाल्लेला मासा पोटात कुजला असता.

हे सगळं मी शिकले ते एक साप गमावून. नोकरीच्या पहिल्या वर्षी तालुक्याच्या दवाखान्यात होते. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यापलीकडे फारसं काही हाताखालून गेलेलं नव्हतं. एक शाळामास्तर घमेल्यात दिवड घेऊन आले, पोटावर अगदी तुझ्या फोटोतल्यासारखे फोड. मी पुस्तक काढलं, अँटिबायोटिक शोधून काढलं, आणि ते चुकीचंही नव्हतं. इंजेक्शन दिलं आणि मास्तरांना सांगितलं, पाण्यात ठेवा, पाण्यातलाच साप आहे. दर तीन दिवसांनी ते सायकलवरून येत होते. नवव्या दिवशी तिला मेलेली घेऊन आले. पोटाचे पांढरे खवले खाली लालसर ठिपक्यांनी भरले होते, मिरचीपूड सांडावी तसे. जंतू रक्तात गेले होते. औषध बरोबर होतं, पण ज्या पाण्याने रोग झाला त्याच पाण्यात मी तिला परत पाठवत होते. मास्तर काही बोलले नाहीत, घमेलं धुऊन घेऊन गेले. आजही कुणी पाणसापाला मलम विचारलं की मी आधी विचारते, टबात पाणी किती आहे?

ते लाल ठिपके तुझ्या फोटोत मला दिसत नाहीत. पण फोटोवर विसंबून राहू नकोस. आज उजेडात तिचं पोट गळ्यापासून शेपटीपर्यंत नीट बघ. खवल्यांखाली लाल-जांभळे ठिपके, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे, उचलल्यावर दोरीसारखं लुळं लोंबणं, डोकं सारखं वर वळवून ठेवणं, यातलं काही एक दिसलं तरी वनरक्षकांना सांग की आजच्या आज डॉक्टर हवा.

बघताना अजून एक तपास. बोटाने हलकेच चाचप. फोड मऊ असतो, दाबला तर आतलं पाणी हलतं आणि तो खवल्याच्या वरच्या थरात असतो. कातडीखाली लांबट, टणक गाठ लागली तर ती बहुधा कृमीची अळी. बेडूक-मासे खाणाऱ्या सापांत ती नेहमी सापडते, तिला हात लावू नकोस, डॉक्टरला दाखव. आणि पाण्याच्या वाटीत खसखशीएवढे काळे ठिपके तरंगताना दिसले, किंवा डोळ्याच्या कडेला बसलेले दिसले, तर ते गोचिडीच्या जातीतले बारीक किडे, म्हणजे माइट्स. ते रक्त पितात आणि एका सापाचे जंतू दुसऱ्याला देतात. म्हणून तुझ्या पिशव्या आणि साप धरायची आकडी दुसऱ्या सापाला वापरू नकोस. पिशव्या उकळून उन्हात वाळव.

आता टब. झाकणाला आणि बाजूंना हवेची भोकं हवीत. ती तापलेल्या खिळ्याने आतून बाहेर पाड, म्हणजे वितळलेली धारदार कड बाहेरच्या बाजूला राहते. उलटं केलंस तर त्या कडांवर नाक घासून ती जखम करून घेईल. टबाचा एक तृतीयांश भाग गरम, बाकीचा साधा, म्हणजे तिला हवं तिथे जाता येतं. चाळीस वॉटचा दिवा टबाबाहेर, जाळीवरून एका टोकाला लाव, किंवा गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्या टोकाखाली सरकव. दिवा आत कधीही ठेवायचा नाही. गारठलेला साप त्याला विळखा घालतो आणि पोट भाजलं तरी सोडत नाही. साधा थर्मामीटर तळाशी ठेव, गरम टोक २८ ते ३० अंशांच्या आसपास राहू दे. लपायला पुठ्ठ्याचं एक खोकं, बाजूला भोक पाडलेलं. आणि टबाला बाहेरून कागद गुंडाळ. हे कागदाचं का, ते डोळ्यापाशी आल्यावर सांगते.

वर्तमानपत्र रोज बदल, ओलं झालं तर दिवसातून तीनदा बदल. काढलेला कागद चुरगळून टाकण्याआधी उजेडात धर. फोडांचं पाणी झिरपलं असेल तर कडेला पिवळट कड असलेले डाग दिसतात, पहिल्या दिवशी बरेच, मग कमी कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कागद कोरडा निघाला की समज, पोट वाळायला लागलं.

हळद आणि खोबरेल थांबव. हळदीने जखमेचा खरा रंगच झाकला जातो, तांबडं वाढतंय की कमी होतंय ते ना तुला कळेल ना डॉक्टरला. तेलाखाली ओल अडकून राहते आणि त्यावर घाण चिकटते. कोमट पाण्यात मऊ फडकं पिळून ते हलकेच पुसून घे, घासू नकोस. मग पोविडोन आयोडीन. दुकानातून आणलेलं थेट लावायचं नाही, उकळून कोमट केलेल्या पाण्यात फिक्या चहाचा रंग येईल एवढंच मिसळायचं. त्यात गॉज भिजवून पोटावर पाचेक मिनिटं धर, नंतर कोरड्या कापडाने टिपून घे. दिवसातून एकदा पुरे. जे फोड फुटले आहेत त्यांच्यावर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, भाजल्यावर लावतात ते पांढरं, अगदी पातळ बोट. न फुटलेले फोड सुईने फोडायचे नाहीत. डॉक्टरला वाटलं तर तो निर्जंतुक सुईने त्यातलं पाणी काढेल आणि त्यातलंच थोडं तपासायला पाठवेल.

डेटॉल, फिनेल, रॉकेल यांपैकी काही घरात कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. फिनॉलच्या जातीची जंतुनाशकं सापाच्या कातडीतून आत जातात आणि जीव घेतात. टब धुवायलाही ती नकोत. साधा साबण, भरपूर पाणी आणि दुपारचं ऊन.

इंजेक्शनचं काम डॉक्टरवर सोड. सापाचं शरीर औषध सावकाश वापरतं. सेफ्टाझिडिमसारखं अँटिबायोटिक त्यांना बहात्तर तासांनी एकदा देतात, ते शरीराच्या पुढच्या भागात, आणि डोस हरभऱ्याएवढा चुकला तरी महाग पडतो. काही औषधं मूत्रपिंडांवर जातात, साप सुकलेला असेल तर ती देण्याआधी सलाइन द्यावं लागतं. माणसांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात घालणारे मी पाहिलेत, त्याने काही साधत नाही.

आता डोळा.

सापाला पापण्या नसतात, हे तुला माहीत आहेच. डोळ्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो. त्या खवल्याखाली आणि खऱ्या डोळ्यावर एक अरुंद पोकळी असते, तिच्यात अश्रू खेळतात आणि एका बारीक नळीने ते तोंडाच्या टाळ्याकडे उतरतात. एवढी रचना डोक्यात बसली की बाकी सगळं आपोआप कळतं. पुतण्याचे ड्रॉप का लागू पडले नाहीत? कारण ते खिडकीच्या काचेवर बाहेरून ओघळून गेले. (काही ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं. खाली जखम असेल तर ते उलटं नुकसान करतं, म्हणून बाटली डॉक्टरला दाखव.) आणि चिमट्याने सोललं तर काय होईल? कातीचा चिकटलेला पापुद्रा आणि खालचा जिवंत खवला एकमेकांना इतके बिलगून असतात की हौशी हाताने दोन्ही निघतात. खवला गेला की डोळा उघडा पडतो, वाळतो, फुटतो.

डोळा पांढरा दिसण्याची कारणं निरनिराळी असतात. कात टाकायला आलेल्या सापाचे डोळे निळसर-धुरकट होतात, पण दोन्ही, एकाच वेळी, आणि सगळं अंगही मळकट दिसतं. आठवड्याभरात डोळे पुन्हा स्वच्छ होतात, मग काही दिवसांनी कात उतरते. तुझ्या दिवडीचा एकच डोळा पांढरा आहे, ११ दिवस झाले, अंग चमकदार आहे. म्हणजे कात नाही. मागच्या कातीचा पापुद्रा डोळ्यावर राहून गेला असेल तर डोळा खडबडीत, सुरकुतलेला दिसतो, कडेला पापुद्र्याची किनार उठलेली असते, पण डोळा फुगत नाही. तुझ्या तिसऱ्या फोटोत उजवा डोळा डाव्यापेक्षा स्पष्ट बाहेर आलेला आहे आणि खालच्या अर्ध्यात पिवळट साका बसल्यासारखा दिसतो. तो खवल्याखालचा पू आहे, असं माझं मत. फोटोवरून यापेक्षा खात्रीने सांगणं बरोबर होणार नाही.

आणि पू तिथे पोचला कुठून? इथे तो कागद. पारदर्शक टबात सापाला भिंत दिसत नाही. बाहेरचा उजेड दिसतो, म्हणून तो रात्रभर नाक घासत, ढकलत फिरतो. तुझ्या पहिल्या फोटोत नाकाच्या टोकाचा खवला सोलवटलेला आहे, तू बहुधा जाळीची जखम समजला असशील. नाक घासून ओठ आणि हिरड्या दुखावतात, तोंडात पू धरतो आणि टाळ्याकडे उतरणारी ती नळी उलट्या दिशेने जंतूंची वाट होते. म्हणून डॉक्टर डोळ्याआधी तोंड उघडून बघेल. तू ते उघडायला जाऊ नकोस, दात बारीक आणि मागे वळलेले असतात, दोघांनाही इजा होईल. फक्त ओठाच्या कडेला चीजसारखं पिवळं काही चिकटलेलं दिसतं का, ते बघून ठेव.

डॉक्टर काय करेल ते सांगते, म्हणजे तुला धास्ती वाटायला नको. तिला भूल देऊन खवल्याच्या खालच्या कडेला एक छोटा त्रिकोणी काप घेतात, आतला पू सलाइनने धुऊन काढतात, त्याचा नमुना तपासायला देतात आणि त्या खिडकीतून काही दिवस औषध आत सोडतात. आता ड्रॉप उपयोगी पडतात, कारण आत जायला वाट आहे. पुढच्या कातीच्या वेळी नवा खवला येतो आणि काप भरून निघतो. वेळेत झालं तर नजर वाचते. ११ दिवस झालेत, म्हणूनच मी घाई करते आहे.

अजून एक शक्यता डॉक्टरच्या कानावर घाल: बुरशी. उत्तर अमेरिकेत सापांना ओफिडिओमायसिस नावाच्या बुरशीच्या रोगाने गाठलं आहे, ईरी सरोवराच्या पाणसापांतही तो सापडला. तोंडावर सूज, कडक खपल्या, धुरकट डोळे, अशी त्याची लक्षणं. तुझ्या दिवडीच्या तोंडावर खपल्या नाहीत, त्यामुळे मला तो वाटत नाही. पण कोरडं ठेवून आणि अँटिबायोटिक देऊनही जखमा पसरत राहिल्या तर कातडीचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो.

खाण्याची घाई करू नकोस. धडधाकट दिवड दोन-तीन आठवडे सहज उपाशी राहते. ऊब मिळाली, इंजेक्शनं सुरू झाली, की आठवड्याभराने तिच्या मानेपेक्षा जाड नसलेले एक-दोन मासे दे. खायला मात्र वेगळा टब ठेव, त्यात चार बोटं पाणी, खाऊन झालं की टिपून परत कोरड्यात. बाजारातले बर्फातले मासे नकोत, बेडूकही नकोत. एकाच जातीचे मासे महिनोन् महिने देणंही बरं नाही, काही माशांत थायमिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नासवतं आणि सापाला झटके येतात. तुझ्या दिवडीवर ती वेळ येणार नाही, ज्यांच्याकडे परवानगीने दीर्घकाळ पाणसाप असतात त्यांच्यासाठी हे लिहून ठेवलं.

पुतण्या किती वर्षांचा, ते तू लिहिलं नाहीस. पाचाच्या आतला असेल तर टब त्याच्या खोलीपासून लांब हलव. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला असतो, लहान मुलांना त्याने जोराचे जुलाब होतात. टब आणि वाटी मोरीत किंवा स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुवायची नाही, अंगणात धू. हात साबणाने कोपरापर्यंत. आईला हे सांग, तिची काळजी निम्मी कमी होईल.

कोकणातून कुणी हे वाचत असेल तर त्यांना थोडं वेगळं सांगायचं आहे. वर लिहिलं ते दिवडीसाठी. खाडीच्या चिखलात राहणारा, कानशीसारख्या खरखरीत, सैल कातडीचा एक साप जाळ्यात येतो. त्याला पोटाचे रुंद खवलेच नसतात, जमिनीवर त्याला धड सरकताही येत नाही. त्याला कोरडा ठेवलात तर तो मरेल. जाळ्यातून सोडवून तिथल्या तिथे खाडीत सोडा.

आता तुझ्यासाठी एक बारीक गोष्ट, कारण कोरडं ठेवायला सांगितलं की लोक तेही टोकाला नेतात. आजारी साप कात लवकर टाकतो, ते चांगलंच, दर कातीबरोबर पोटाचे खवले नवे होत जातात. पूर्ण साफ व्हायला दोन-तीन काती लागतील. पण ती कातीला आली, दोन्ही डोळे निळसर झाले, की तेवढे दिवस खोक्यात एक ओलसर फडकं घाल. हवा फार कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरचा पापुद्रा राहून जातो. कात उतरली की डोक्याकडचा भाग उन्हात धरून बघ. डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक टिकल्या दिसल्या पाहिजेत, घड्याळाच्या काचेसारख्या फुगीर. तिथे भोक असेल तर टिकली डोळ्यावर राहिली, तसं कळव. तरीही सोलायचं नाही.

आई म्हणते सोडून दे. आईचं बरोबर आहे, सोडायचीच आहे, फक्त आज नाही. एका डोळ्याने आंधळी, पोटावर उघड्या जखमा, या थंडीत ती तळ्याच्या चिखलात चार दिवस टिकणार नाही. जखमा बंद झाल्या, एक कात पूर्ण उतरली, दोनदा खाऊन पचवलं, की वनरक्षकांच्या हातून, त्यांच्यासमोर, त्याच शिवारात सोडा. लांब नेऊन सोडायची तुझी सवयही यापुढे बदल, अनोळखी जागी त्यांना ना बिळं माहीत असतात ना पाणी. सकाळी दहाच्या उन्हात, पाण्यापासून चार हात वर, गवताच्या कडेला. पाण्यात टाकायचं नाही, ती तिची तिची उतरेल.

आणि त्याआधी चुलत्यांना गाठ. बांधावर पडलेलं तुटकं तंगूस गोळा करून जाळीचं खालचं टोक ताणून घ्या, लोंबतं ठेवू नका. तिला तिथेच परत जायचं आहे.